हातचा एक

मांडवीहून आणलेला लाल चोपडा,
पहिल्या पानावर दिवाळीतलं कुंकू, शुभ, लाभ.
त्यात हायफाँगच्या शाळेची फी मांडायला बसलो
तर रकान्यात शून्यं मावेनात.
त्रेचाळीस कोटी वीस लाख डाँग.
एका मुलाचे. एका वर्षाचे.
वृंदा म्हणाली, तीनशेनं भाग, घाबरू नकोस.
ती मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मर तपासते,
तिला उच्च दाबाची सवय आहे.
मी रावपुऱ्यातल्या सहकारी बँकेचा कॅशियर,
दहा रुपये जुळले नाहीत
तर मला जेवण जात नाही.

भागलं. चौदा लाख चाळीस हजार.
थोरलीचे सत्तर टक्के कंपनी देणार,
धाकट्याचे निम्मे.
(निम्मे का? तो काय एक दिवसाआड शिकणार?)
पुढे बारीक अक्षरातलं:
अर्जाचे पैसे परत नाहीत.
अनामत परत, पण शाळा सोडताना, विनाव्याज.
इमारत निधी,
जिच्यात आम्ही तीनच वर्षं बसणार त्या इमारतीचा.
बस. जेवण. पोहण्याचा गणवेश वेगळा.
इंग्रजीचा जादा वर्ग अद्वयसाठी,
जो घरात मराठी, सोसायटीत गुजराती
आणि इंग्रजी फक्त कार्टूनशी बोलतो.
दर वर्षी पाच टक्के वाढ.
जमेच्या बाजूला वृंदाचा पगार, भत्ता,
फ्लॅटचं भाडं, आलं तर.
माझ्या पगारासमोर
मी एक आडवी रेघ मारली.
पट्टी घेऊन मारली.

असे आठ-दहा दिवस गेले.
रात्री भांडी झाली की चोपडा उघडायचा,
स्कूटर विकायची, पुन्हा ठेवायची,
वाघोडिया रोडचा प्लॉट मोडायचा, पुन्हा जोडायचा.
खिडकीबाहेर तारेला उत्तरायणाचा मांजा लोंबत होता,
गुलाबी, कुणाच्याच उपयोगाचा नाही.

काल मधलं एक पान आपोआप उघडलं.
पेन्सिलीत, वळणदार:
मी इथेच राहिले तर.
शाळा ६२,०००
हर्षदकाकांची रिक्षा १४,४००
नीलाआत्याला (महिना सहा हजार) ७२,०००
दिवाळीत आणि मे महिन्यात मी येणार ५८,०००
एकूण १,९६,४००
आणि खाली, दोनदा अधोरेखित,
बचत.

बारा वर्षांची आहे चार्वी.
पोहण्याचा गणवेश तिनं वाचला असणार,
माझी रेघही वाचली असणार.
आत्याला विचारलंही असेल एखादवेळी
काहीतरी भलतंच बोलता बोलता.
मी पान मिटलं. पाणी प्यायलो.
मग सवयीनं, दुसरं काय येतं मला,
बेरीज तपासली.
दोन नि चार सहा, नि दोन आठ, नि आठ सोळा.
सहा लिहिले होते.
हातचा एक धरलाच नव्हता.

सकाळी ती शेव-मुरमुरे खात बसली होती,
एका हातानं वेणी सोडवत.
मी चोपडा समोर ठेवला.
म्हटलं, हिशोब चुकलाय.
तिनं पाहिलं. लाल झाली. बोट फिरवलं रकान्यावरून.
हातचा विसरले, म्हणाली,
मग दोन लाख सहा हजार चारशे.
थोडं थांबून: म्हणजे परवडत नाही?

आता तरीही परवडत होतं.
अडीच लाखांच्या घरात शिल्लक राहत होती,
तिला कळायला दोन मिनिटंही लागली नसती.
बावीस वर्षांच्या नोकरीत
आकड्यांशी मी कधी खोटं बोललो नाही.
नाही परवडत, म्हणालो.

तिनं खोडरबर आणलं.
मी म्हटलं, राहू दे, चोपड्यात खोडायचं नसतं.
तेवढ्यात अद्वय दात घासत आला,
तोंडभर फेस,
विचारायला लागला की तिथल्या शाळेच्या बसमध्ये
खिडकीचे पैसे वेगळे पडतात का.
आम्ही दोघांनी वर पाहिलं.
लिहून ठेव, चार्वी म्हणाली, विचारायला हवं.